जागा गेली

२०२२ चे गणपती आठवड्यावर आले होते. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उकडीचे मोदक कोण किती करणार याची यादी फिरत होती, ढोल-ताशाच्या सरावाला जागा कुठे मिळेल यावर नेहमीचा वाद चालला होता, आणि त्या गडबडीतच तो व्हिडिओ आला. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनीसुद्धा "तुम्ही ठीक आहात ना?" म्हणून फोन केले होते. २४ ऑगस्टच्या रात्री आपल्या प्लेनोत, एका रेस्टॉरंटबाहेरच्या पार्किंग लॉटमध्ये, जेवून निघालेल्या चार भारतीय वंशाच्या मैत्रिणींच्या अंगावर एक बाई धावून गेली. शिव्या दिल्या, भारतात परत जा म्हणाली, हातही उचलला. दुसऱ्या दिवशी प्लेनो पोलिसांनी तिला अटक केली.

ग्रुपवर दिवसभर मेसेजचा पाऊस. मीही एक लांबलचक मेसेज लिहिला. आम्ही इथे कायदा पाळून राहतो, टॅक्स भरतो, घरं घेतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि तरी रंगावरून आमची लायकी ठरणार असेल तर आता गप्प बसून चालणार नाही, वगैरे. मेसेज चांगला झाला होता. खूप अंगठे आले. एकदोघांनी तो पुढे पाठवायची परवानगी मागितली आणि मी ती मोठ्या मनाने दिली.

आमची लेक तेव्हा ऑस्टिनला कॉलेजात होती. रविवारी तिचा फोन आला. तिच्या मैत्रिणीच्या आईने माझा मेसेज पुढे पाठवला होता, तो फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता. मला वाटलं, कौतुक करील. ती म्हणाली, "आई, एक विचारू? कस्टर रोडजवळचं आपलं घर भाड्याने द्यायचं होतं, तेव्हा त्या बाईंना तू काय सांगितलं होतंस?"

"कुठल्या बाईंना?" मी म्हटलं. पण कुठल्या ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

आता ती गोष्ट सांगते. ग्रुपवरच्या मेसेजखाली मी माझं नाव अभिमानाने घातलं होतं. हिच्याखालीही ते घालायला हवं.

२०१२ साली घरांचे भाव पडलेले होते तेव्हा आम्ही एक दुसरं घर घेतलं. आपल्यातल्या पुष्कळांनी घेतलं तसंच. तीन बेडरूमचं, विटांचं, प्लेनोतल्या जुन्या घरांना असतं तसं मागच्या गल्लीतून गॅरेज, परसात पेकानचं झाड. २०१७ च्या मे महिन्यात आधीचे भाडेकरू सोडून गेले. शनिवारी एक बाई घर बघायला आल्या. कृष्णवर्णीय, चाळिशीच्या आसपास. डॅलसच्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या. घरात त्या, त्यांची आई आणि दोन मुलगे. त्यांनी नळ सोडून पाण्याचा जोर बघितला, स्कूल बस कुठे थांबते ते विचारलं, आईला पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत म्हणून खूश झाल्या. संध्याकाळी अर्ज आला, पगाराच्या पावत्यांसकट. पगार भाड्याच्या तिपटीहून जास्त. क्रेडिट स्कोअर आमच्यापेक्षा चांगला.

मी लगेच हो म्हणू शकले असते. त्याऐवजी मी दोघीतिघींना फोन केले. कशासाठी, हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. एक जण म्हणाली, "बघ बाई, दोन मोठे मुलगे आहेत म्हणतेस. नंतर काढता येत नाहीत." हे वाक्य मला हवंच होतं. रविवारी संध्याकाळी कंपनीने पुण्याहून दोन महिन्यांपूर्वी पाठवलेल्या एका कुटुंबाचा फोन आला. क्रेडिट हिस्टरी म्हणून काही नव्हतीच. नवऱ्याने पाच मिनिटं बोलून त्यांना हो सांगून टाकलं. आपलीच माणसं, चपला बाहेर काढणारी.

मंगळवारी नर्सबाईंचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, फोन स्पीकरवर होता. लेक समोर ओट्याशी अभ्यास करत बसली होती. मी म्हटलं, सॉरी, जागा गेली. तुमच्या आधी, शुक्रवारीच एक अर्ज आलेला होता. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "ओके. कळवल्याबद्दल थँक यू." एवढंच. आवाजात राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. त्यांच्या अर्जाची फी मी त्याच दिवशी परत केली आणि आपण किती सरळ वागतो याचं मला समाधानही वाटलं.

लेकीने मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं आणि परत वहीत घातली होती. पाच वर्षं ती त्यावर काही बोलली नाही. कदाचित मी स्वतः कधी बोलेन म्हणून थांबली असेल.

फोनवर मी भांडले, हे कबूल करते. म्हटलं, तो व्हिडिओ काय आणि हे काय! मी कुणाला शिवी दिली? घर आमचं, हप्ते आम्ही भरतो. आणि 'व्हाइट प्रिव्हिलेज' तर गोऱ्यांचं असतं, आम्ही काय गोरे आहोत? ती म्हणाली, "नाही ना. मग त्या दिवशी तू कोणासारखी वागलीस?"

हा शब्द मला नवा नव्हता. २०२० च्या उन्हाळ्यात, मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्यानंतर, आमच्या ऑफिसात सगळ्यांना एक ऑनलाइन प्रशिक्षण घ्यावं लागलं. त्यात पेगी मॅकिंटॉश या प्राध्यापक बाईंच्या १९८०च्या दशकातल्या लेखाचा उल्लेख होता. त्या स्वतः गोऱ्या. गोऱ्या माणसाच्या पाठीवर एक न दिसणारी सॅक असते आणि तिच्यात रोज उपयोगी पडणाऱ्या सवलती आधीच भरलेल्या असतात, अशी त्यांची कल्पना. दुकानात मागे मागे कुणी फिरत नाही, घर बघायला गेलं तर शेजारी कपाळाला आठ्या घालत नाहीत, अशी त्यांनी स्वतःच्या आयुष्यातली यादीच केली होती. मी 'नेक्स्ट'वर क्लिक करत गेले. हा धडा माझ्यासाठी नाही, माझ्या शेजारच्या क्युबिकलसाठी आहे, असं समजून.

लेकीच्या फोननंतर मी तशी यादी स्वतःची करायला बसले. २००४ साली पहिलं घर घेताना एजंटने आम्हाला ठरावीकच भाग दाखवले, "तुमचे बरेच लोक इथे आहेत" म्हणाली, आणि आम्ही खूश झालो. कर्ज बिनबोभाट मंजूर झालं. टोलवेवर वेगात गाडी चालवल्याबद्दल नवऱ्याला पोलिसाने थांबवलं, नोकरी कुठे ते विचारलं आणि ताकीद देऊन सोडलं. नवरा ही गोष्ट पार्टीत विनोद म्हणून सांगतो. माझी ऑफिसातली एक कृष्णवर्णीय मैत्रीण मुलाला गाडी शिकवताना ब्रेकच्याही आधी हे शिकवत होती, की पोलिसाने थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे. तिने घर रिफायनान्स केलं तेव्हा अप्रेझर यायच्या आदल्या रात्री भिंतीवरचे कुटुंबाचे सगळे फोटो काढून कपाटात ठेवले. घर कुणाचं ते कळलं की किंमत कमी लागते म्हणून. आमच्या अप्रेझलच्या वेळी मी देव्हारासुद्धा झाकला नव्हता. तशी गरजच वाटली नव्हती.

मग लेकीने मला एक नाव पाठवलं: सखाराम गणेश पंडित. "आडनाव ओळखीचं वाटेल," असं खाली लिहून.

१७९० च्या कायद्याने अमेरिकेचं नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना मिळत होतं. यादवी युद्धानंतर, १८७० साली, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठी दोन दारं: गोरा किंवा आफ्रिकी. आपल्या माणसांनी ठोठावलं ते पहिलं दार. पंडितांना १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात गोरे म्हणून नागरिकत्व मिळालं आणि पुढे ते वकील झाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंद यांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा थिंद यांची बाजू मांडणाऱ्यांत हे पंडित होते. युक्तिवाद असा, की उत्तर हिंदुस्थानातला उच्च जातीचा हिंदू हा आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरा. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ कोर्टाला काय सांगितलं होतं? लग्नाच्या बाबतीत अमेरिकन माणूस निग्रोकडे जसा बघतो, तसाच उच्च जातीचा हिंदू आपल्याकडच्या आदिवासींकडे बघतो. थोडक्यात, आम्हीही तुमच्यासारखेच खालच्यांना लांब ठेवतो, तेव्हा आम्हाला आत घ्या.

हे मी रात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. माझ्या जिभेवर 'आपलीच माणसं' होतं, त्यांच्या जिभेवर 'आर्य' होतं.

फेब्रुवारी १९२३ मध्ये कोर्टाने थिंद यांचा दावा एकमताने फेटाळला. पंडितांनी मानववंशशास्त्राचे दाखले दिले होते. कोर्ट म्हणालं, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा, आणि हिंदू माणसाला कुणी तसं समजत नाही. त्यानंतर आधी दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायचा सपाटा सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगाई यांचं नागरिकत्व गेलं, त्याबरोबर जमीन बाळगायचा हक्क गेला, भारतात जाऊन यायला पासपोर्ट मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. या बगाई कुटुंबाने त्याआधी बर्कलीत घर घेतलं होतं. सामान घेऊन राहायला गेले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेलं. त्याच बर्कलीतल्या एका रस्त्याला आता त्यांच्या पत्नीचं, कला बगाईंचं नाव आहे. पंडितांवरही सरकारने खटला भरला. ते लढले आणि १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले. पण मी गोरा आहे म्हणून नव्हे. तुम्हीच दिलेल्या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली, घर, संसार उभा केला, आता ते काढून घेणं अन्यायाचं आहे, या मुद्द्यावर.

बगाईंच्या कुलूपबंद घराबद्दल वाचताना मला संताप आला. कुलूप लावणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल. मग आपोआप आठवलं की गेली काही वर्षं मीही कुलूप लावणारीच आहे. फरक एवढाच, की माझं कुलूप गोड बोलून लागलं आणि फी परत करून.

पार्किंग लॉटचा व्हिडिओ मी त्यानंतर पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी रागाच्या भरात एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. ती बाई सांगत होती की ती मेक्सिकन-अमेरिकन आहे आणि तिचा जन्म इथला आहे. तिच्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या लोकांना याच टेक्सासात काय काय सोसावं लागलं असेल. आणि आज ती आपल्या बायकांना परत जा म्हणत होती. गोरेपण म्हणजे नुसता कातडीचा रंग असता तर ती ते वापरू शकली नसती. मीही नसते.

घराच्या आत तर आपण ते रोज वापरतो. 'गोरे' म्हणताना आपल्या आवाजात एक अदब असते. दुसऱ्या रंगाच्या माणसांसाठी आपल्या पॉटलकमध्ये कुठले शब्द चालतात ते सगळ्यांना माहीत आहे. समोरच्याला कळू नये म्हणून दुकानात वापरायचा आमचा एक खास शब्द होता, तो मी इथे छापणार नाही. मुलांनी तो आमच्याकडूनच उचलला आणि मोठी झाल्यावर आम्हालाच तो बोलायची बंदी केली.

आणखी एक गोष्ट या सगळ्यात वर आली. ती मी पंचवीस वर्षं 'माझं नशीब' या सदरात ठेवली होती.

१९९६ साली मी आणि माझी एक मैत्रीण नोकरीसाठी सांगलीहून पुण्यात आलो. सदाशिव पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर जागा आहे असं कळलं. दोन कॉट. आम्ही दोघी गेलो. काकूंनी पाणी दिलं, गाव विचारलं, मग आडनावं विचारली. आधी माझं, मग तिचं. तिचं ऐकल्यावर त्या आत गेल्या, बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं, एक कॉट तर सकाळीच गेली. विसरलेच मी. एकीचीच सोय होईल." कोणा एकीची, ते त्यांनी सांगितलं नाही. गरजच नव्हती. मैत्रीण उठली, म्हणाली, "तू रहा. मी हॉस्टेल बघते." आणि मी राहिले. दोन दिवसांनी दुसऱ्या कॉटवर साताऱ्याची एक मुलगी आली. मी काकूंना काही विचारलं नाही. पुढे मैत्रिणीच्या आणि माझ्या गाठीभेटी कमी होत गेल्या. मी म्हणायचे, नोकऱ्या दोन टोकांना, काय करणार.

मॅकिंटॉशबाईंची सॅक समजायला मला खरं तर अमेरिकेत यायची गरज नव्हती. माझी सांगलीहूनच भरून आणलेली होती. 'जागा सकाळीच गेली' हे वाक्यसुद्धा त्यात होतं. वीस वर्षांनी मी ते इंग्रजीत काढलं.

आपल्याकडच्या एका माणसाने हे दोन्ही देश जोडून कधीच बघितले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं ज्यांनी निग्रोंना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. आमच्या बांधवांनीही शूद्रांच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवावा, अशी त्यामागची आशा. शाळेत फुले शिकले होते, पण ही अर्पणपत्रिका मला शिकवल्याचं आठवत नाही. गंमत म्हणजे प्लेनो शहर म्हणून नोंदलं गेलं तेही १८७३ मध्येच. बाबासाहेब कोलंबियात शिकले हे आपण अभिमानाने सांगतो. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि डू बॉइस यांचं उत्तरही आलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत तरुण कवींनी संघटना काढली तेव्हा ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं: दलित पँथर. म्हणजे ही ओळख महाराष्ट्राला होती. ती घेऊन विमानात बसणाऱ्यांमध्ये मात्र आमच्यासारखे फार नव्हते.

आपण इथे आलो तेच मुळी कुणाच्या जिवावर? १९४६ पासून भारताला वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता. शंभर! तो मोडला १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा, १९६५ च्या ऑगस्टमधला मतदानाचा कायदा, आणि त्याच ऑक्टोबरात हा. तिन्हींवर सही टेक्सासच्याच लिंडन जॉन्सन यांची. वंशावरून माणसं निवडणं लाजिरवाणं आहे हे या देशाला ज्यांनी रस्त्यावर उतरून, कुत्री आणि पाण्याचे फवारे अंगावर घेऊन पटवलं, त्यांत आपल्यापैकी कुणी नव्हतं. उघडलेल्या दारातून आपण डिग्र्या घेऊन आलो आणि 'आम्ही कष्टाने वर आलो, यांना काय झालं?' असं विचारू लागलो. मीही विचारलंय. १९३० च्या दशकापासून सरकारी हमीची स्वस्त गृहकर्जं गोऱ्या कुटुंबांना मिळाली आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून कर्जाला नालायक ठरवल्या गेल्या. घर हीच इथल्या मध्यमवर्गाची पुंजी. ती पुंजी दोन पिढ्या साठू दिली नाही, आणि आपण येऊन उरलेला हिशेब विचारतो.

त्याच मालिकेतला शेवटचा मोठा कायदा १९६८ चा, फेअर हाउसिंगचा. मार्टिन लूथर किंग यांचा ४ एप्रिलला खून झाला आणि ११ एप्रिलला त्यावर सही झाली. मी तो काढून वाचला. त्यात एक कलम आहे: घर रिकामं असताना, वंशावरून, ते रिकामं नाही असं कुणाला सांगणं ही बेकायदा ठरवलेल्या गोष्टींपैकी एक. माझं वाक्य कायद्यात आधीच लिहून ठेवलेलं होतं, माझ्या जन्माआधी. स्वतःचं एखाददुसरं घर असलेल्या छोट्या मालकांना त्या कायद्यात काही सूट आहे हेही कळलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर हायसं वाटलं. पण यादवी युद्धानंतरचा, १८६६ चा एक कायदा अजून जिवंत आहे आणि वंशाच्या बाबतीत तो असली सूट मानत नाही. नवरा म्हणाला, "आता पाच वर्षांनी कोण येतंय?" कोणी येणार नव्हतंच. नर्सबाईंच्या आवाजावरूनच मला ते कळायला हवं होतं. असल्या प्रत्येक फोनवर खटला भरायचा तर त्यांनी नोकरी कधी करायची?

त्या हिवाळ्यात लेक घरी आली तेव्हा आम्ही दोघी डग्लसला गेलो. डाउनटाउन प्लेनोच्या डार्ट स्टेशनजवळ, आपण कॉफी प्यायला जातो त्या दुकानांपासून चालत जाण्याच्या अंतरावर ही वस्ती आहे. गुलामीतून सुटलेल्यांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी वसवलेली, फ्रेडरिक डग्लस यांचं नाव लावणारी. १९६४ पर्यंत प्लेनोतल्या कृष्णवर्णीय मुलांची शाळा वेगळी होती. ती एकत्र झाली, आणि पुढच्याच वर्षी प्लेनोच्या मिश्र फुटबॉल टीमने पहिल्यांदा राज्यस्तरावरचं विजेतेपद मिळवलं. ज्या शाळांच्या रेटिंगसाठी आपण दहा-वीस हजार जास्त मोजून घरं घेतो त्या शाळांचा हा इतिहास. वीस वर्षं प्लेनोत राहून मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. छोटी घरं, पुढे ओसरीवर खुर्च्या, एक आजोबा पानं गोळा करत होते. त्यांनी हात केला, आम्ही हात केला. मला वाटलं, थांबून काहीतरी बोलावं. लेक म्हणाली, "आई, चल. ते पानं गोळा करताहेत."

नर्सबाईंचा अर्ज जुन्या ईमेलमध्ये सापडला. मी माफीचं पत्र लिहिलं. पहिला मसुदा दीड पानाचा झाला, त्यात सदाशिव पेठसुद्धा होती. लेकीने वाचला. म्हणाली, "यात त्या कुठे आहेत? सगळी तूच आहेस." दुसरा चार ओळींचा केला: तुमचा अर्ज पहिला होता, पात्र होता, मी खोटं बोलले, कारण तुमचा रंग. तोही पाठवावा की नाही यावर आमच्या घरात एकमत नाही. लेकीचं म्हणणं, पाच वर्षांपूर्वीची जखम माझ्या समाधानासाठी त्यांनी का उघडावी? नवऱ्याचं म्हणणं, लेखी काही देऊ नकोस. दोघांची कारणं वेगळी, सल्ला एक. पत्र ड्राफ्टमध्ये आहे. सांगलीच्या मैत्रिणीला मात्र मी फोन केला. ती आता नाशिकला असते. तिला सगळं लख्ख आठवत होतं, काकूंच्या पाण्याच्या पेल्यासकट. काकूंचा राग कधीच गेला, म्हणाली. "तू एकदा मागे वळून बघशील असं वाटलं होतं, एवढंच." मग तिने तिच्या मुलाच्या ॲडमिशनचं विचारलं आणि आम्ही अर्धा तास त्यावर बोललो.

२०२४ मध्ये कस्टर रोडचं घर पुन्हा रिकामं झालं. या वेळी मी एका पानावर नियम लिहिले: पगार किती हवा, क्रेडिट किती, कागद कुठले, आणि नियमांत बसणारा जो अर्ज आधी येईल त्याला घर. अर्जावर तारीख आणि वेळ. फोनवर 'कुठले तुम्ही' विचारायचं नाही. नवऱ्याला ते अवघड गेलं. त्याचं पहिलं वाक्य तेच असतं. मी मनातून तयार होते, थोडी जास्तच. पहिला पात्र अर्ज आला तो तेलंगणाच्या एका जोडप्याचा. नियमाप्रमाणे त्यांना घर दिलं. माझी परीक्षाच झाली नाही. ग्रुपवरच्या एका मैत्रिणीने विचारलं, "मिळाली ना चांगली माणसं?" मी हो म्हटलं, आणि मग दिवसभर तो 'चांगली' शब्द मला टोचत राहिला.

तीच मैत्रीण आता फ्रिस्कोचं तिचं घर भाड्याने देते आहे. परवा तिचा मेसेज आला: आपल्यातलं कुणी असेल तर सांग, बाहेर जाहिरात द्यायला नको वाटतं. मी तिला माझं नियमांचं ते पान पाठवलं. दोन निळ्या टिक दिसताहेत. उत्तर अजून नाही.